कानांचं गाऱ्हाणं ऐकाल ना?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे माणसांची लग्नं सुरू होतात. आमच्या अंजनगाव सुर्जीत तर लग्नाची तिथी कळायला पंचांग उघडावं लागत नाही. फळीवरचे पेले एकमेकांवर किणकिणू लागले की समजावं, आज कुणाची तरी वरात निघाली. गणपती, दुर्गादेवी, जयंत्या, निवडणुकीचा गुलाल, कारण कोणतंही असो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पुरुषभर उंचीचे खोके रचलेले असतात आणि गाण्याचा ठोका कानाआधी छातीत बसतो. पाळण्यातलं मूल दचकून उठतं, म्हातारी सासू कपाळाला हात लावते, आणि आपण खिडकी लावून घेतो. "होऊ द्या बाप्पा, एका दिवसाचं तर आहे," म्हणतो आणि कामाला लागतो.

आपण बायका घरातल्या सगळ्यांच्या तब्येतीचा हिशेब ठेवतो. कुणाचे डोळे आले, कुणाचा दात किडला, कुणाला गोड वर्ज्य आहे, कुणाची गोळी संपली, सगळं आपल्या ध्यानात असतं. पण कान? कान म्हणजे कुड्या नि वेल अडकवायची जागा! फार तर मळ साचला किंवा कान फुटला तर त्यांची आठवण. एरवी आपण कानांकडे अगदी कानाडोळा करतो. त्याला कारणही आहे. दात दुखतो, पोट दुखतं, डोळा चुरचुरतो. कान मात्र मोठ्या आवाजाने खराब होताना बहुधा दुखत नाही. तो मुकाट्याने जातो.

आज मला तुम्हाला तीनच गोष्टी सांगायच्या आहेत. मोठ्या आवाजापायी गेलेलं ऐकणं परत येत नाही. ते जाताना कळत नाही. आणि जाताना ते पहिल्यांदा घरातल्या बायकापोरांचे आवाज घेऊन जातं.

ही तिसरी गोष्ट मला माझ्या धाकट्या जाऊबाईच्या संसारात पाहायला मिळाली. तिचे यजमान, म्हणजे माझे दीर, तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये होते. हंगामात रेचे सुरू झाले की तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. भाऊजी घरी आले की मोठ्याने बोलायचे, टीव्ही मोठा लावायचे. ते आम्हाला सवयीचं झालं होतं. जाऊबाईची तक्रार मात्र वेगळी होती.

"बाई, चौकातला मानूस यायच्याशी बोलला तर यायले बराबर आयकू येते. मी स्वयंपाकघरातून आवाज देला का मंग काहून यायचे कान बंद होते? माह्याच वेळी कसं आयकू येत नाही?"

नवराबायकोत त्यावरून रोज कुरबूर. एकदा तर हसावं की रडावं असा प्रकार झाला. आमचं गाव विड्याच्या पानांचं. जेवण झालं की विडा लागतो. जाऊबाई म्हणाली, "बाजारातून कात घेऊन या." भाऊजी भडकले, "खाट कायले पाह्यजे आता? घरात दोन खाटा पडल्या हायेत!" मुलं हसली. जाऊबाईला मात्र वाटलं, हे मुद्दाम करतात, माझं बोलणं यांना ऐकायचंच नाही. आणि तिच्या मनात ही गोष्ट घर करून बसली.

शेवटी मुलीने हट्ट धरला आणि बापाला अमरावतीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मीही सोबत गेले. काचेच्या बंद खोलीत बसवून, कानावर यंत्र लावून जाड-बारीक आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं असतं. त्यावरून कागदावर एक आलेख निघतो. भाऊजींच्या आलेखाची रेघ जाड आवाजांच्या बाजूला सरळ होती आणि बारीक आवाजांच्या बाजूला विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. डॉक्टरांनी समजावलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं.

आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि दमदार असतात. पण शब्दाचा अर्थ ठरवतात ती व्यंजनं. त्यांतली स, श, त, ट, थ, क, ख, फ ही बारीक आणि हलकी असतात. मोठ्या आवाजाचा मारा बसलेला कान ही बारीक अक्षरं आधी गमावतो. म्हणून अशा माणसाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. सात की साठ, पाट की पाठ, कात की खाट, त्याला सगळं सारखंच. त्यातून बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज मुळातच वरच्या पट्टीतला आणि बारीक. दुकानातल्या पुरुषाचा घोगरा आवाज पोचतो. स्वयंपाकघरातून, फोडणीच्या चुरचुरीतून आलेला बायकोचा आवाज पोचत नाही. यात मनाचा काही दोष नाही. तो आवाज पोचवणारी कानातली माणसंच, म्हणा ना, कामावरून कायमची गेलेली असतात.

परतताना एसटीत जाऊबाई खिडकीबाहेर पाहत बसली होती. परतवाड्याचा फाटा गेल्यावर एवढंच म्हणाली, "बाई, मले वाटे का यायले मी नकोशी झाली." मैत्रिणींनो, हे ऐकल्यापासून मला वाटतं, कितीतरी घरांतल्या अशा कुरबुरींचं मूळ स्वभावात नसून कानात असेल. तुमच्या घरी कुणी सारखं "काय?" म्हणत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, चारचौघांत गप्प बसत असेल, तर रागावण्याआधी एकदा त्याचे कान तपासून घ्या.

आता कानात होतं तरी काय, ते पाहू. कानाच्या पडद्याच्या आत, हाडामध्ये, गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिच्यात पाणी असतं आणि अतिसूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. एका कानात अशा सुमारे पंधरा हजार पेशी. ऐकून तेवढ्याच! आवाजाची लाट आली की हे केस डुलतात आणि मेंदूला वर्दी जाते. शेतातल्या उभ्या ज्वारीसारखं समजा. वारा आला की ताटं वाकतात आणि पुन्हा उभी राहतात. वादळ आलं की आडवी होतात. काही सावरतात, काही मोडतात. ज्वारी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. या पेशी मात्र जन्मासोबत मिळतात त्याच. माणसाच्या कानात त्या नव्याने उगवत नाहीत. शंखाच्या दाराशी बारीक आवाजाच्या पेशी आणि खोल आत जाड आवाजाच्या. मोठ्या आवाजाचा फटका दाराजवळच्या भागाला आधी बसतो, म्हणून बारीक आवाज आधी जातात.

मोठ्या आवाजाने कान जातो हे ज्ञान काही नवं नाही. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की दिवसभर तांब्यावर हातोडा मारणारे तांबट म्हातारपणी ठार बहिरे होतात. आणि एक गोष्ट तर आपल्या गावाशी जोडलेली आहे. अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. आडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, आणि दौलतराव शिंद्यांच्या वकिलांशी इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याने इथे तह केला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली त्याने नेपोलियनला हरवलं. आयुष्यभर तोफांच्या गर्जनेत वावरलेला हा माणूस १८२२ साली इंग्लंडात एका तोफेची चाचणी पाहत उभा असताना तिच्या धमाक्याने त्याच्या डाव्या कानाला इजा झाली. त्यावर एका कानाच्या वैद्याने कानात जहाल औषध ओतलं. भयंकर वेदना झाल्या, कान सुजला आणि डाव्या कानाचं ऐकणं कायमचं गेलं. एवढ्या लढायांतून सुखरूप सुटलेला माणूस, पण कान गमावला तो चाचणीच्या एका धमाक्याने आणि वर उपचाराने! ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. एक तर मोठा आवाज राजाला नि रंकाला सारखाच. आणि दुसरं, कानात काहीबाही ओतू नये. त्याबद्दल पुढे सांगतेच.

तुम्ही म्हणाल, तोफ कुठे आणि लग्नातलं गाणं कुठे! पाहा, आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाकाठी आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, असं जाणकार सांगतात. आणि त्यापुढे हा हिशेब फार कडक आहे. आवाज फक्त ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारा मारा दुप्पट होतो आणि वेळ निम्मा करावा लागतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला जेमतेम पाव तास. आपला मिक्सरही ८५-९० पर्यंत जातो, पण चटणी दोन मिनिटांत वाटून होते. डीजेच्या खोक्यांसमोर आवाज शंभराच्या पुढे सहज जातो आणि आपली पोरं तिथे दोन-दोन, तीन-तीन तास नाचतात. जिनिंगमध्ये भाऊजींना त्या आवाजाचा निदान पगार तरी मिळत होता. इथे आपण पदरचे पैसे मोजून तोच आवाज दारात आणतो!

मोजायला यंत्र हवंच असं नाही. एक सोपी खूण ध्यानात ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना तुम्हाला ओरडावं लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे. तिथून निघा.

दुसरी खूण म्हणजे कानातला कुईं असा आवाज. माझी पुतणी एका मैत्रिणीच्या वरातीत नाचून आली आणि रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मोठ्याई, माह्या कानात रातकिडा बसला वो. झोपच येऊन नाही राह्यली." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो रातकिडा गप्प झाला आणि ती विसरून गेली. पण हा रातकिडा म्हणजे कानाने वाजवलेली धोक्याची घंटा असते. आवाज थांबला म्हणजे सगळं पूर्ववत झालं, अशी पूर्वी डॉक्टरांचीही समजूत होती. २००९ साली अमेरिकेत शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवून पाहिला. काही दिवसांत त्यांचं ऐकणं पूर्ववत झालं. पण आत पाहिलं तर कानातल्या पेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे सांधे मोठ्या संख्येने कायमचे तुटले होते. माणसाच्या कानातही असंच घडत असावं, अशी शास्त्रज्ञांची शंका आहे. तपासणीत दोष दिसत नाही, पण गर्दीत बोललेलं नीट समजत नाही, असं सांगणारी तरुण माणसं म्हणूनच असतील का?

काहींच्या कानातला हा आवाज मात्र जातच नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत हाही आहे; आयुर्वेदात याला 'कर्णनाद' म्हणतात. तो का होतो? रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की आपण बटण पिरगाळून आवाज वाढवतो. मग गाणं तर येत नाहीच, नुसती खरखर वाढते. तसंच काहीसं हे आहे. कानाकडून वर्दी कमी येऊ लागली की मेंदू आपलं बटण वाढवतो, आणि ती खरखर म्हणजे हा नाद. दिवसा कामाच्या गडबडीत तो जाणवत नाही, रात्री निजानीज झाली की फार छळतो. चिंता आणि जागरण यांनी आणखी वाढतो.

हा नाद हमखास घालवणारी गोळी अजून निघालेली नाही, हे स्पष्टच सांगते. जाहिरातीतल्या थेंबांना आणि तेलांना भुलू नका. पण त्याच्यासोबत सुखाने जगता येतं. झोपताना अगदी सामसूम ठेवू नये. पंखा चालू ठेवावा किंवा भजन अगदी बारीक आवाजात लावावं, म्हणजे नाद त्यात विरतो. ऐकू कमी येत असेल तर कानाचं मशीन लावल्यावर पुष्कळांचा नादही कमी जाणवतो. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाऊन मनाची भीती घालवली, तर त्रास निम्मा होतो. आणि कधी कधी कारण अगदी साधं असतं, कानात घट्ट बसलेला मळ! तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. आकडा, काडी, सेफ्टी पिन यांनी कान कोरू नये. कानात गरम तेल, लसणाचं तेल, कांद्याचा रस घालू नये. पडद्याला आधीच भोक असेल तर ते आत जाऊन घात करतं. वेलस्लीसाहेबाची आठवण ठेवा!

डॉक्टरकडे धावायचं कधी, तेही सांगते. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. मळ असेल, सर्दी असेल म्हणून आठ दिवस वाट पाहिली तर औषधाची वेळ निघून जाते. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखा धडधडत असेल, सोबत चक्कर येत असेल, तरी थांबू नका. आणि लग्नातून आल्यावर नाद दोन-तीन दिवसांत गेला नाही, तरी दाखवून घ्या.

पण बाई गं, दुखणं आल्यावर धावण्यापेक्षा ते येऊच न देणं आपल्या हातात आहे. गेल्या वर्षी याच पुतणीचं लग्न ठरलं. बैठकीत मुलाकडच्यांनी सांगितलं, "डीजे पाह्यजेच. एकुलता एक पोरगा हाय." हौसेला मोल नसतं, आणि सोयरीक जुळताना वाद नको, म्हणून जाऊबाई गप्प बसली. पण पुतणी बोलली. "बाबाचे कान कशानं गेले ते मले माहीत हाय. डीजे आना, पन माह्या अटीवर." मुलगा समजूतदार निघाला. दोन्ही घरांच्या बायका बसल्या आणि असं ठरवलं:

डीजे गल्लीत शिरणार नाही, मोकळ्या पटांगणावर वाजेल. कारण दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून आवाज गल्लीत कोंडतो. मोकळ्यावर मात्र अंतर दुप्पट केलं की तो ६ डेसिबलने उतरतो. खोक्यांची तोंडं बायकामुलं बसतात त्या बाजूला नसतील आणि खोक्यांपुढे दहा-पंधरा पावलं दोरी बांधलेली असेल. वाजवायचं एकच तास. गल्लीतून घरापर्यंत संदल आणि बॅंड. ढोल, ताशा, संदल हेही काही हळू वाजत नाहीत बरं, त्यांच्यापासूनही लेकरांना दूरच ठेवायचं. अंगावरच्या बाळांना तर वरातीत आणायचंच नाही. त्यांच्यासाठी शेजारच्या घरात एक खोली मोकळी ठेवली.

आणि अक्षतांच्या ताटाशेजारी एका वाटीत कानात घालायचे फोमचे बोळे ठेवले. मेडिकलच्या दुकानात ते थोड्या पैशांत मिळतात. आम्ही कापसाच्या मुलखातल्या बायका, पहिल्यांदा कुणीतरी म्हणालंच, "बोळे इकत कायले आनता? घरचा कापूस हाय ना!" पण कापसाच्या बोळ्याने आवाज नावापुरताच कमी होतो. फोमचा बोळा नीट बसला तर वीस-पंचवीस डेसिबल सहज कमी करतो. तो घालायची रीत आहे. बोटांनी वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा-एक मिनिट बोटाने धरून ठेवायचा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला म्हणजे बरोबर बसला. लहान मुलांच्या कानात बोळे घालू नयेत. त्यांच्यासाठी कानांवरून बसणारी झाकणं मिळतात.

काही पाहुण्या हसल्या. म्हाताऱ्यांनी पदराने कान झाकून घेतले. मुलांना तो खेळच झाला. पण सगळ्यांत जास्त बोळे कुणी नेले असतील? डीजेवाल्या पोरांनी! त्यातला एक, विशी-बाविशीचा, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, माह्या कानात दोन साल झाले शिट्टी वाजते. हे कानात घालून काम केलं तर जमते का?" मी म्हटलं, "जमते बापू, रोज घाल. आन् कान दाखवून घे." कोणाचं तरी लेकरूच ना तेही. आपल्या हौसेपायी त्याचे कान रोज रात्री जातात, हे तोवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

भाऊजींचं मशीन मात्र त्या दिवशी कपाटातच होतं. चारचौघांत लाज वाटते म्हणून ते लावत नसत. पाठवणीच्या वेळी मुलगी बापाच्या गळ्यात पडून काहीतरी पुटपुटली. त्यांनी मान हलवली, डोळे पुसले. गाडी गेल्यावर मात्र बायकोजवळ येऊन विचारलं, "काय म्हने वो ते?" जाऊबाईलाही ऐकू गेलं नव्हतं. आठ दिवसांनी मुलगी माहेरी आली तेव्हा तिलाच विचारलं. ती म्हणाली, "आता सांगून काय उपयोग, बाबा? तेव्हाच आयकाचं होतं." तेव्हापासून मशीन सकाळी कानात जातं ते रात्रीच उतरतं. चष्म्याची आपल्याला लाज वाटत नाही, मग मशीनची का वाटावी?

घरातली तरुण मुलं कानात इअरफोन घालून अभ्यास करतात, झोपतात. त्यांच्याशी भांडू नका, नियम ठरवा. आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या वर न्यायची नाही. तासाभराने कानांना विसावा द्यायचा. इअरफोन घालूनही आपण हाक मारलेली ऐकू यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. आजकालच्या पुष्कळ फोनमध्ये किती वेळ किती आवाज ऐकला याचा हिशेब दिसतो; तो मुलांनाच वाचायला लावा. दिवाळीत सुतळी बॉम्ब हातात घेणाऱ्या पोराला तर चार शब्द सुनवाच. एकाच धमाक्याने कान गेल्याची उदाहरणं आहेत.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीला १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. मुंबईच्या सुमैरा अब्दुलाली, ठाण्याचे डॉक्टर महेश बेडेकर यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं कोर्टात झगडून हे नियम जागते ठेवले. बेडेकरांच्या याचिकेवर २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना आवाज मोजायची यंत्रं देण्यापर्यंत सविस्तर आदेश दिले.

आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००५ सालचा मोठा निकाल ज्या याचिकेतून निघाला, तिची हकिगत तर प्रत्येक आईने ऐकावी अशी आहे. १९९८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडली, पण शेजारी लाऊडस्पीकरवर गाणी वाजत होती. तिच्या हाका कुणालाही ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतलं. ती बातमी वाचून अनिल मित्तल नावाचे एक इंजिनिअर गृहस्थ कोर्टात गेले. कोर्टाने सांगितलं, बोलण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे, पण दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क त्यात येत नाही.

तेव्हा रात्री दहानंतर दारात आवाज चालू असेल तर ११२ ला फोन करायला बिचकू नका. एकटीने वाईटपणा घ्यावासा वाटत नसेल तर आळीतल्या चौघीजणी मिळून मंडळाच्या पोरांशी आधीच बोला. सणाच्या आठ दिवस आधी, गोडीत, चहा पाजून बोललं तर पोरं ऐकतात. सणाच्या रात्री भांडायला गेलं तर ती ऐकत नाहीत, आणि त्यांना ऐकूही येत नाही!

आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना एकच विनंती. बैठकीत देण्याघेण्याची, मानपानाची, जेवणाच्या पदार्थांची यादी आपण करतोच. त्या यादीत आवाजाची एक ओळ वाढवा: किती वाजता, किती वेळ, कुठे आणि किती लांब. ती ओळ आपणच घालायला हवी. पुरुषांना ती सुचणार नाही असं नाही, पण आवाज गेल्यावर घरात रोज दहादा तेच तेच बोलावं लागतं ते आपल्याला.